मॉडेलिंगच्या नावाखाली होणारी फसवणूक कशी ओळखावी

मॉडेलिंगमध्ये येऊ पाहणाऱ्या नवख्या माणसाला गाठणे भामट्यांना सोपे जाते. त्याचे कारण त्या माणसाच्या भोळेपणात कमी आणि या व्यवसायाच्या घडणीत अधिक आहे. येथे प्रवेशपरीक्षा नाही, पदवीची अट नाही, आणि निवड का झाली किंवा का झाली नाही याचे कारण बहुधा कोणी सांगत नाही. खरा स्काउट, म्हणजे एजन्सीसाठी नवे चेहरे शोधणारा माणूस, अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवतो किंवा समाजमाध्यमावर संदेश पाठवून विचारणा करतो. भामटाही नेमके तेच करतो. त्यामुळे अनोळखी माणसाने स्वतःहून संपर्क साधला म्हणजे तो ठगच असणार, असा सरसकट नियम येथे लावता येत नाही. उलट कार्यालय चकचकीत आहे, भिंतीवर मासिकांची मुखपृष्ठे लावलेली आहेत आणि बोलणारी व्यक्ती नम्र आहे, एवढ्यावरून कोणाला खरे मानणेही धोक्याचे आहे.

फसवणुकीच्या खुणांच्या लांबलचक याद्या सर्वत्र मिळतात, पण भामटेही त्या वाचतात आणि आपले बोलणे त्याप्रमाणे बदलतात. त्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मला या माणसाकडून एकही काम मिळाले नाही, तरी त्याची कमाई होते का? उत्तर 'हो' असेल, तर तुम्हाला काम मिळवून देण्याची त्याला गरजच उरत नाही. पुढे जे सांगितले आहे ते बरेचसे या प्रश्नाच्या आधारानेच सांगितले आहे.

खऱ्या व्यवहारात पैसा कोठून येतो

प्रामाणिक एजन्सीचा ग्राहक म्हणजे ब्रँड, मासिक, कॅटलॉग काढणारी कंपनी किंवा जाहिरातसंस्था. हा ग्राहक मॉडेलच्या कामाचे पैसे देतो आणि एजन्सी त्यातून आपले कमिशन कापून उरलेली रक्कम मॉडेलला देते. हे कमिशन साधारणपणे १० ते २० टक्क्यांच्या आसपास असते, आणि अनेक एजन्सी ग्राहकाकडूनही वेगळे सेवाशुल्क आकारतात. तुम्हाला काम मिळाले नाही तर एजन्सीला काहीच मिळत नाही. म्हणूनच ती फार थोड्या जणांना घेते, ज्यांना घेते त्यांच्यासाठी धावपळ करते आणि बाकीच्यांना सरळ नकार कळवते किंवा उत्तरच देत नाही. हा नकार कितीही झोंबला तरी तो या व्यवसायातला नेहमीचा अनुभव आहे. जी संस्था आलेल्या प्रत्येकात 'वेगळीच चमक' पाहते, तिचा ग्राहक ब्रँड नसून तुम्ही आहात.

आगाऊ पैसे घेण्याचा हा प्रकार इतका जुना आणि पसरलेला आहे की काही ठिकाणी त्यासाठी कायदेच करावे लागले. ब्रिटनमध्ये एजन्सींना मॉडेलकडून आगाऊ शुल्क घेण्यास मनाई आहे. २०१० मध्ये ही बंदी अधिक कडक करण्यात आली. त्याच वर्षापासून कॅलिफोर्नियात कलावंतांना काम मिळवून देण्याच्या बदल्यात आगाऊ शुल्क उकळणाऱ्यांविरुद्धचा स्वतंत्र कायदा लागू आहे. न्यू यॉर्क राज्यात जून २०२५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने मॉडेलना करारबद्ध करताना शुल्क किंवा अनामत घेण्यास मनाई केली आणि कमिशनला २० टक्क्यांची मर्यादा घातली. तुम्ही राहता तेथे असा कायदा असो वा नसो, या तिन्ही ठिकाणी कायदा करणाऱ्यांनी बोट एकाच जागी ठेवले आहे: काम मिळण्याआधी घेतला जाणारा पैसा.

येथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा, कारण त्याचाच आधार घेऊन भामटे वाद घालतात. खऱ्या एजन्सीतही मॉडेलच्या नावावर खर्च पडतो. सरावाची शूट, कॉम्प कार्डची (छायाचित्रे आणि मापे असलेल्या मॉडेलच्या परिचयपत्राची) छपाई, संकेतस्थळावरील जागा, परदेशी प्रवासाचे तिकीट आणि तेथील निवास यांसाठी एजन्सी अनेकदा आधी स्वतः पैसे घालते आणि नंतर मॉडेलच्या कमाईतून ते वळते करून घेते. ही पद्धत सर्वस्वी निर्दोष आहे असे मला वाटत नाही. कित्येक मॉडेल काम करूनही एजन्सीच्या देण्यात अडकलेली असतात. तरीही त्यात एजन्सीचा स्वतःचा पैसा पणाला लागलेला असतो, आणि मॉडेलला काम मिळाले तरच तो परत येतो. भामट्याच्या व्यवहारात त्याचा एकही पैसा अडकलेला नसतो. 'खर्च तर सगळीकडेच असतो' असे कोणी सांगू लागले, तर 'मग तो तुम्ही करा आणि माझ्या पहिल्या मानधनातून कापून घ्या' असे शांतपणे सुचवावे. हे सुचवल्यावर समोरच्याचा सूर कसा बदलतो, ते पाहण्यासारखे असते.

पैशाची मागणी 'शुल्क' या नावाने क्वचितच येते. ती नोंदणी म्हणून येते, परत मिळणारी अनामत म्हणून येते, पोशाखाची सुरक्षाठेव, विमा, ओळखपत्र, ग्रूमिंगचा वर्ग किंवा मानधन सोडवण्यासाठी आधी भरावा लागणारा कर म्हणूनही येते. रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते, म्हणजे एवढ्यासाठी कशाला शंका घ्यायची, असे वाटावे. ती भरली की दुसरी मागणी येते, आणि आतापर्यंत भरलेले वाया जाऊ नये म्हणून माणूस तीही भरतो. परत मिळणारी अनामत हा यातला सर्वांत फसवा प्रकार होय, कारण 'पैसे जाणार नाहीतच' अशी समजूत आधीच घालून दिलेली असते.

पोर्टफोलिओचा सापळा

सर्वाधिक लोक फसतात ते पोर्टफोलिओच्या नावाखाली, म्हणून हा प्रकार सविस्तर पाहू.

एजन्सीकडे पहिल्यांदा जाताना महागड्या पोर्टफोलिओची गरज नसते. एजन्सीला हवी असतात ती 'डिजिटल्स' किंवा जुन्या सवयीने 'पोलरॉइड्स' म्हटली जाणारी साधी छायाचित्रे: साध्या भिंतीसमोर, दिवसाच्या नैसर्गिक प्रकाशात, मेकअपशिवाय, अंगासरशी बसणाऱ्या साध्या कपड्यांत, केस चेहऱ्यावरून मागे घेऊन काढलेली. समोरून चेहरा, बाजूने चेहरा, कमरेपासून वर आणि पूर्ण उंचीचे, एवढी छायाचित्रे पुरतात, आणि घरातल्या कोणीही मोबाइलवर ती काढून देऊ शकते. सोबत उंची, छाती, कंबर, नितंब आणि बुटाचे माप द्यावे लागते. चेहऱ्याची आणि शरीराची खरी ठेवण दिसावी हाच हेतू असल्याने, सजवून काढलेले आणि संगणकावर गुळगुळीत केलेले छायाचित्र येथे उपयोगी पडण्याऐवजी आडवेच येते. हे एकदा पक्के समजले की 'पोर्टफोलिओशिवाय तुमचा चेहरा आम्ही कोणाला दाखवणार?' या वाक्यातला दम निघून जातो.

हा सापळा कसा लावला जातो ते जवळून पाहावे. तुम्हाला 'मूल्यांकना'साठी बोलावले जाते. प्रतीक्षाकक्षात तुमच्यासारखेच आणखी काही जण बसलेले असतात, त्यामुळे स्पर्धा असल्याचा भास होतो. आत गेल्यावर मापे घेतली जातात, चालून दाखवायला सांगितले जाते, दोन-चार छायाचित्रे काढली जातात आणि 'निवड समिती निर्णय घेईल' असे सांगून तुम्हाला परत पाठवले जाते. त्याच दिवशी संध्याकाळी फोन येतो: अभिनंदन, तुमची निवड झाली. दुसऱ्या भेटीत मोठ्या पडद्यावर तुमची छायाचित्रे दाखवली जातात आणि मग 'आमच्या पॅनेलवरील' छायाचित्रकाराकडून पोर्टफोलिओ करून घेण्याचा विषय निघतो. दरपत्रकात तीन पर्याय असतात. सर्वांत स्वस्त पर्याय 'हौशी मंडळींसाठी', सर्वांत महाग 'आंतरराष्ट्रीय', आणि मधला तुमच्यासाठी मांडलेला असतो. पैसे नाहीत म्हटले तर हप्त्यांची सोय तयार असते. घरच्यांना विचारतो म्हटले तर 'स्वतःच्या करिअरचा निर्णय तुम्ही स्वतः घेऊ शकत नाही का?' असा टोमणा येतो. विचार करतो म्हटले तर आजच संपणारी सवलत पुढे केली जाते. या सगळ्यात कोणत्या ब्रँडला कशा प्रकारचा चेहरा हवा आहे, याबद्दल एक शब्दही निघालेला नसतो.

अशा बैठकीतून बाहेर पडण्यासाठी वाद घालण्याची गरज नाही. 'करार आणि दरपत्रक द्या, घरी नेऊन वाचतो आणि दोन दिवसांनी कळवतो' एवढे वाक्य पुरे आहे. प्रामाणिक एजन्सी त्याला हसून होकार देते, कारण न वाचता सही करणारा मॉडेल तिलाही नको असतो. जेथे कागद दालनाबाहेर नेऊ दिला जात नाही, तेथे तो कागद बाहेर दुसऱ्या कोणाला दाखवण्यासारखा नसतो.

स्वतःच्या इच्छेने, स्वतः निवडलेल्या छायाचित्रकाराकडे पैसे देऊन छायाचित्रे काढून घेणे यात मात्र गैर काही नाही. स्वतंत्रपणे काम करणारे कित्येक जण तसे करतात. मात्र निवडीचे आमिष दाखवणारा आणि छायाचित्रांचे पैसे घेणारा हे दोघे एकच असतील, किंवा एकमेकांशी बांधलेले असतील, तर तो छायाचित्रे विकण्याचा धंदा समजावा.

लहान मुलांच्या बाबतीत हा सापळा अधिकच क्रूर ठरतो. मुलाचा चेहरा, दात, केस आणि उंची काही महिन्यांतच बदलतात, त्यामुळे महागडा पोर्टफोलिओ हातात पडेपर्यंत जुना होऊ लागतो. मुलांना काम देणाऱ्या खऱ्या एजन्सी पालकांनी काढलेल्या ताज्या, साध्या छायाचित्रांवरच निर्णय घेतात आणि ती ठराविक काळाने बदलून पाठवायला सांगतात.

संदेश कसा वाचावा

पुढे दिलेल्या धाटणीचे संदेश नवख्यांना सतत येत असतात: 'नमस्कार, एका आघाडीच्या आंतरराष्ट्रीय ब्रँडच्या आगामी मोहिमेसाठी आम्ही नवे चेहरे शोधत आहोत. तुमचे प्रोफाइल आमच्या टीमला खूप आवडले. अनुभवाची अट नाही. तुमची निवड निश्चित झाली आहे, कृपया आज संध्याकाळपर्यंत नोंदणी पूर्ण करावी.'

या मजकुरात काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहावे. तुमचे नाव नाही, म्हणजे हाच संदेश शेकडो जणांना गेलेला असू शकतो. उंची, मापे, वय यांची विचारणा नाही. कपड्यांच्या जाहिरातीसाठी माप न विचारता निवड करणारा ब्रँड अस्तित्वात असणे कठीण आहे. शूटची तारीख नाही, ठिकाण नाही, मानधन नाही, आणि छायाचित्रे कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात व किती काळ वापरली जाणार याचा उल्लेख नाही. खऱ्या कास्टिंगच्या मजकुरात यांपैकी बहुतेक गोष्टी असतात, कारण त्या ठरल्याशिवाय मानधनच ठरत नाही. ब्रँडचे नाव गोपनीय ठेवण्याची प्रथा खऱ्या कामातही आहे, हे मान्य. परंतु कास्टिंग कोण करत आहे, हे सहसा गोपनीय नसते. आणि ऑडिशनआधीच निवड निश्चित झालेली असेल, तर निवडले गेले आहे ते तुमचे पाकीट.

संदेश एखाद्या नामांकित एजन्सीच्या नावाने आला असेल, तर त्यातील क्रमांकावर किंवा दुव्यावर पडताळणी करू नये. त्या एजन्सीचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः शोधून तेथील क्रमांकावर फोन करावा आणि अमुक नावाची व्यक्ती तुमच्याकडे स्काउट म्हणून काम करते का, असे विचारावे. आपल्या नावाने फसवणूक होत असल्याची सूचना अनेक मोठ्या एजन्सींनी संकेतस्थळावरच लावलेली असते. ईमेलचा पत्ता अक्षर-अक्षर तपासावा. एखादे अक्षर जास्त, मध्येच एक आडवी रेघ किंवा वेगळा शेवट, एवढ्याच फरकावर नकली पत्ता उभा असतो. संकेतस्थळाची नोंदणी केव्हा झाली हे 'हूइज' या खुल्या सुविधेवर पाहता येते. अनेक वर्षांच्या परंपरेचा दावा करणाऱ्या संस्थेचे संकेतस्थळ दोन महिन्यांपूर्वी नोंदले गेले असेल, तर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. स्काउटचे प्रोफाइल छायाचित्र आणि 'आमचे मॉडेल' म्हणून दाखवलेले चेहरे छायाचित्रावरून शोध घेणाऱ्या सुविधेत टाकून पाहावेत. ते भलत्याच कोणाचे निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

नावापुढच्या निळ्या खुणेवर विसंबू नये. २०२३ पासून इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर ही खूण मासिक शुल्क भरूनही मिळू लागली आहे. ती खातेदाराच्या ओळखीपुरती असते, त्याच्या धंद्याची हमी देत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या संस्थेबद्दल एकही तक्रार सापडली नाही यातही फारसा दिलासा नाही, कारण तक्रारी वाढल्या की नाव बदलून त्याच जागेत नवी पाटी लावता येते. याहून उपयोगी उलटी तपासणी आहे: एजन्सी ज्या ब्रँडची नावे सांगते, त्या ब्रँडच्या अधिकृत खात्यावर तिचे मॉडेल खरोखर दिसतात का, आणि ते मॉडेल स्वतःच्या खात्यावर त्या एजन्सीचे नाव लावतात का, हे पाहावे. दोन्हीकडून दुवा जुळला तर बरेच काही सिद्ध होते.

नामांकित व्यक्तीचे सोंग किती काळ टिकू शकते याचे एक गाजलेले उदाहरण चित्रपटक्षेत्रातले आहे. हॉलिवूडमधील वजनदार महिला अधिकाऱ्यांचे आवाज काढून फोन करायचा, मेकअप कलाकार, छायाचित्रकार, स्टंट करणारे आणि लेखक यांना कामाचे आमिष दाखवून स्वखर्चाने इंडोनेशियाला बोलवायचे, तेथे गाडी आणि चालकाच्या नावाखाली रोख रक्कम घ्यायची आणि सगळा खर्च परत मिळेल असे सांगायचे, असा तो प्रकार होता. अनेक वर्षे हे चालले आणि २०२० मध्ये एका संशयिताला ब्रिटनमध्ये अटक झाली. फसलेले लोक आपापल्या कामात मुरलेले होते. फोनवरील आत्मविश्वासाने भरलेला आवाज हा पुरावा मानता येत नाही. हल्ली तर संगणकाच्या साहाय्याने कोणाचाही आवाज आणि चेहरा उभा करता येतो.

जेथे पैशाची मागणीच होत नाही

काही वेळा समोरचा माणूस एक पैसाही मागत नाही आणि त्यामुळेच विश्वास बसतो. अशा वेळी सुरुवातीला सांगितलेल्या प्रश्नातील 'कमाई' या शब्दाचा अर्थ थोडा रुंद करावा. तुमची छायाचित्रे, तुमची एकांतातील उपस्थिती, तुमच्या ओळखपत्राची प्रत किंवा तुमचे बँकखाते, यांपैकी काही त्याच्या हाती लागते का, ते पाहावे.

व्हिडिओ कॉलवर 'बॉडी चेक' करण्याची मागणी हा सध्याचा मोठा धोका आहे. अंतर्वस्त्रे किंवा पोहण्याच्या पोशाखाच्या कामासाठी प्रौढ मॉडेलची तशी छायाचित्रे घेतली जातात हे खरे, पण ती एजन्सीच्या कार्यालयात, दुसरी व्यक्ती हजर असताना आणि आधी स्पष्ट सांगून. फोनच्या कॅमेऱ्यासमोर कपडे उतरवायला लावण्याची गरज कोणत्याही खऱ्या निवडीत पडत नाही. असा कॉल रेकॉर्ड केला जातो आणि पुढे त्याच्याच जोरावर पैसे किंवा आणखी छायाचित्रे उकळली जातात. 'सगळ्या मोठ्या मॉडेलनी हे केले आहे' आणि 'तुम्ही व्यावसायिक वाटत नाही' ही दोन वाक्ये कानावर पडली की कॉल तेथेच बंद करावा. अठरा वर्षांखालील कोणाकडेही अशी मागणी होत असेल तर तो सरळ गुन्हा आहे आणि पालकांनी तो तसाच हाताळावा.

भेटीची जागा कार्यालय किंवा स्टुडिओ असावी, वेळ दिवसाची असावी, आणि सोबत कोणालातरी न्यावे. सोबतची व्यक्ती चित्रीकरणात लुडबुड करू नये म्हणून बाहेर बसायला सांगणे समजण्यासारखे आहे. तिला इमारतीतच येऊ न देणे समजण्यासारखे नाही. ऐन वेळी स्टुडिओऐवजी हॉटेलची खोली किंवा खासगी घर सांगितले गेले तर जाऊ नये. कोणते कपडे, किती उघडे अंग, कोण कोण उपस्थित, हे आधी लेखी ठरवावे आणि सेटवर त्यात केलेला बदल नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे हे मनात पक्के ठेवावे. एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन बलाढ्य फॅशनसमूहांनी २०१७ मध्ये मॉडेलसाठी संयुक्त सनद जाहीर केली. सोळा वर्षांखालील मुलामुलींना प्रौढ म्हणून सादर करायचे नाही, सोळा ते अठरा वयोगटातील मॉडेलसोबत जबाबदार व्यक्ती असावी, अशा अटी तिच्यात आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर या अटी लिहून दिल्या जात असताना, एखादा अनोळखी छायाचित्रकार 'या क्षेत्रात असेच चालते' म्हणू लागला तर त्याचे ऐकण्याचे कारण नाही.

फुकट शूटची बाजूही तपासावी. छायाचित्रकार आणि मॉडेल दोघांनाही पोर्टफोलिओसाठी छायाचित्रे हवी असतात, म्हणून पैशाविना एकत्र काम करण्याची रीत जुनी आणि रास्त आहे. मात्र शेवटी घाईघाईने सहीसाठी पुढे केलेल्या रिलीज फॉर्मवर, म्हणजे छायाचित्रे वापरू देण्याच्या संमतीपत्रावर, 'सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' असे लिहिलेले असेल, तर ती छायाचित्रे नंतर विकली जाऊ शकतात आणि कोणत्याही उत्पादनाच्या जाहिरातीवर झळकू शकतात. केवळ पोर्टफोलिओपुरता वापर, असे लिहून घेऊनच सही करावी.

बँकखात्याशी संबंधित प्रकार थोडक्यात सांगण्यासारखा आहे. 'ब्रँड' तुम्हाला ठरलेल्यापेक्षा जास्त रकमेचा धनादेश पाठवतो आणि जादाचे पैसे स्टायलिस्टला किंवा मेकअप कलाकाराला पाठवून द्यायला सांगतो. तुम्ही स्वतःचे पैसे पाठवून मोकळे होता, आणि काही दिवसांनी मूळ धनादेश खोटा ठरतो. कोणाचेही पैसे आपल्या खात्यातून पुढे पाठवू नयेत. चोरीचा पैसा फिरवण्यासाठी खाते वापरले गेले तर चौकशी तुमचीही होऊ शकते. मानधन जमा करण्यासाठी ओटीपी लागत नाही, हेही ध्यानात असावे.

करारातील कलमे

खोट्या एजन्सीचा करार अनेकदा खऱ्याइतकाच रुबाबदार दिसतो, म्हणून त्याच्या कागदाचा दर्जा पाहण्यापेक्षा कलमे पाहावीत. कमिशन किती, कशावर आणि कोणकोणते खर्च त्याखेरीज कापले जाणार. पैसे किती दिवसांत मिळणार. करार किती काळाचा, कोणत्या प्रदेशापुरता आणि इतरत्र काम करण्यास मनाई आहे का. बाहेर पडायचे असल्यास किती दिवसांची सूचना द्यावी लागेल, हे स्पष्ट हवे. काम मिळवून देण्याची एजन्सीवर कोणतीच जबाबदारी नाही, पण तुम्ही सोडून गेलात तर मोठा दंड, अशी रचना असेल तर तो दंड हेच तिच्या उत्पन्नाचे साधन असू शकते. तुमच्या वतीने सही करण्याचे आणि पैसे स्वीकारण्याचे अधिकार अनेक एजन्सी मागतात. ते देताना प्रत्येक व्यवहाराचा लेखी हिशोब मिळेल असे कलम घालून घ्यावे. कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर सही करू नये आणि दोघांच्या सहीची प्रत त्याच दिवशी घ्यावी.

तुमच्या चेहऱ्याची आणि शरीराची संगणकीय प्रतिकृती करून ती वापरण्याचा हक्क मागणारे कलम अलीकडे दिसू लागले आहे. न्यू यॉर्कच्या ज्या कायद्याचा वर उल्लेख आला, त्यात अशा प्रतिकृतीसाठी मॉडेलची स्वतंत्र लेखी संमती आवश्यक ठरवली असून तिचा हेतू, मोबदला आणि कालावधी त्या संमतीत नमूद करावा लागतो. कोठेही सही करताना ही तिन्ही माहिती मागावी. एकदा शरीर स्कॅन करून दिले की पुढची शूट तुमच्याशिवायही होऊ शकते.

परदेशातील कामासाठी निघण्यापूर्वी स्वाक्षरी झालेला करार, कामाला परवानगी देणारा व्हिसा आणि परतीचे तिकीट या तीन गोष्टी हातात असाव्यात. पर्यटक म्हणून या, काम तेथे बघू, असे सांगणाऱ्याबरोबर जाऊ नये. पासपोर्ट 'सुरक्षिततेसाठी' कोणाकडेही ठेवायला देऊ नये. तेथील एजन्सीचे नाव व पत्ता, निवासाचा पत्ता आणि आपल्या दूतावासाचा क्रमांक घरी लिहून ठेवावा. मॉडेलिंगचे आमिष मानवी तस्करीसाठीही वापरले जाते, त्यामुळे या बाबतीत भिडस्तपणा अजिबात नको.

सौंदर्यस्पर्धांचे काय, हा प्रश्न नेहमी निघतो. प्रवेशशुल्क घेतले म्हणजे स्पर्धा खोटी, असे म्हणता येत नाही. आयोजकांचे उत्पन्न प्रायोजकांकडून येते की स्पर्धकांकडून, एवढे पाहावे. अर्ज करणारा प्रत्येक जण 'अंतिम फेरीत' पोहोचत असेल, तिकिटे विकण्याची सक्ती असेल आणि प्रत्येक किताबासाठी वेगळे पैसे असतील, तर तेथे मुकुट विकत मिळतो आणि एजन्सींच्या लेखी त्याला किंमत नसते.

फसवणूक झालीच तर

पैसे गेले असतील तर सर्वप्रथम बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळले तर ती अडवता येण्याची शक्यता असते, आणि कार्डाने भरली असेल तर व्यवहारावर हरकत घेता येते. संतापाच्या किंवा लाजेच्या भरात संभाषण पुसून टाकू नये. तारीख, वेळ, क्रमांक, खाते आणि प्रोफाइलचा पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत, पावत्या आणि करार जपावेत, आणि मगच समोरच्याला ब्लॉक करावे. पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार नोंदवावी, समाजमाध्यमावर ते खाते कळवावे, आणि ज्या खऱ्या एजन्सीचे नाव वापरले गेले तिलाही सांगावे.

खासगी छायाचित्रे त्यांच्या हाती असतील आणि धमक्या येत असतील, तर पैसे देऊ नयेत, कारण दिलेल्या पैशाने मागणी थांबत नाही, वाढते. अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी २०२१ पासून 'स्टॉपएनसीआयआय' ही विनामूल्य सेवा उपलब्ध आहे. छायाचित्र तुमच्या उपकरणावरच राहते आणि त्यापासून तयार झालेला एक सांकेतिक ठसा सहभागी समाजमाध्यमांना दिला जातो, जेणेकरून ते छायाचित्र तेथे टाकले गेल्यास ओळखून अडवता यावे. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या छायाचित्रांसाठी अशाच पद्धतीची 'टेक इट डाउन' ही सेवा २०२३ मध्ये सुरू झाली.

तक्रार केल्यानंतर काही आठवड्यांत एखादा 'वकील', 'तपास अधिकारी' किंवा 'हॅकर' स्वतःहून संपर्क साधून गेलेले पैसे परत मिळवून देण्याचे आश्वासन देऊ शकतो. एकदा फसलेल्या लोकांच्या याद्या भामट्यांमध्ये विकल्या जातात आणि हा फोन बहुधा तेथूनच येतो. त्यालाही आधी प्रक्रिया-शुल्क हवे असते. ते देऊ नये, आणि त्याचा क्रमांक आधीच्याच तक्रारीला जोडावा.